बंद शे का?

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माणूस आजही कळसाडीत राहतो. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.

भुतं फक्त रात्री येतात, या समजात राहू नका. हे घडलं गेल्या माघात, सोमवारी, टळटळीत दुपारी अडीच वाजता.

भूपेंद्रनं एक छोटा बोर्ड मागवला होता. काडेपेटीएवढा. त्यावर प्रोग्राम चढवला की विहिरीतली मोटार घरबसल्या चालू-बंद करता येते, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. शिकवायला पुतणी रुपा होती, शहाद्याला डिप्लोमा करणारी. गावाला वाटलं, भूपेंद्रला या वयात भलतीच हौस सुटली.

हौस कसली... त्याला त्या विहिरीवर पाऊल ठेवायचं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिथे भिला वायरमन मेला होता.

लाइट गेलेली होती. भिला विहिरीवर केबलचा जोड बांधत होता. स्टार्टरची खोली साठ पावलांवर, मध्ये उभा ऊस. हात घालण्याआधी भिला नेहमी ओरडून विचारायचा, "बंद शे का?" म्हणजे, बंद आहे का? स्टार्टरपाशी असेल त्यानं उठून ऑटोस्विच पाडायचा. तो पाडला नाही, तर लाइट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते. पाडला की मगच जबाब द्यायचा.

भूपेंद्र खाटेवर पडून मोबाइल बघत होता. लाइट नाहीच आहे, असा विचार करून तो जागचा हललाही नाही.

पडल्या पडल्याच म्हणाला, "बंद शे."

लाइट आली.

नंतर त्यानं गुपचूप ऑटोस्विच पाडला आणि गावाला सांगितलं की भिला पिऊन आला होता. भिलानं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. पण गावानं मान हलवली आणि त्याची बायको धनुबाई दारुड्याची विधवा झाली.

तर सोमवारी रुपानं स्टार्टरच्या खोलीत लॅपटॉप उघडला. पहिला धडा सोपा असतो. बोर्डावरचा बारका दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. नऊ ओळींचा प्रोग्राम. दिवा लुकलुकला आणि भूपेंद्र लहान पोरासारखा खूश झाला.

मग रुपानं एक ओळ वाढवली. दिवा लागला की स्क्रीनवर 'चालू' उमटावं, विझला की 'बंद'.

चालू. बंद. चालू. बंद.

आणि मग...

बंद शे का?

भूपेंद्रनं रुपाकडं पाहिलं. पोरीनं थट्टा केली असेल असं त्याला वाटलं. पण तिचाच चेहरा उतरला होता. तिनं प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. तसं काही लिहिलेलंच नव्हतं. तिनं सगळं पुसून रिकामा प्रोग्राम चढवला.

दिवा विझला.

दोघांनी श्वास सोडला.

दिवा पुन्हा लागला... रुपानं केबल उपटून काढली.

दिवा तसाच जळत होता. बोर्डाला ना सेल, ना वायर. मिनिटभरानं तो विझला.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. भूपेंद्र हट्टी. बोर्डात काहीतरी साठून राहिलं असेल, असं म्हणत त्यानं त्याच दिवशी बोर्ड स्टार्टरला जोडला, बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेसकट. मोटार बंदच होती. विहिरीवरच्या जोडाची पट्टी सुटली होती, ती एकदा बांधली की विहिरीवर जाण्यापासून कायमची सुटका. रुपाला स्टार्टरपाशी बसवून तो निघाला.

उसात वारा नव्हता. पाखरूही ओरडत नव्हतं.

जोडापाशी वाकून त्यानं हाक दिली, "रुपा, बंद शे का?"

काही नाही.

त्यानं पुन्हा विचारलं.

उसापलीकडून जबाब आला. शांत. पडल्या पडल्या दिल्यासारखा.

"बंद शे."

आवाज पुरुषाचा होता... हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा हात जोडावर पडला होता.

शुद्धीवर आला तेव्हा रुपा शेजारी रडत होती. पहिल्या हाकेलाच रिले टक्कन वाजून मोटार सुरू झाली होती; ती खोल पाण्याखाली, तिचा आवाज काठावर येत नाही. बोर्डात प्रोग्राम नव्हता. तिनं बटण दाबदाबून पाहिलं, मोटार थांबेना. पोरगी घसा फुटेस्तोवर ओरडली होती, "काका, चालू शे, हात लावू नका." तीनदा. शेवटी तिनं मेन स्विच खाली ओढला.

दवाखान्यातून सुटल्यावर भूपेंद्र आधी धनुबाईकडं गेला. ओट्यावर बसून त्यानं सगळं कबूल केलं. खाट, मोबाइल, दारूचं खोटं. रडला. भीतीनं रडला की पश्चात्तापानं, ते त्यालाच ठाऊक.

धनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"माले ठाऊक शे, भाऊ. तो रोज सांगस. पन तुम्हले माफ कर, आसं तो एकदाबी म्हना नही."

भूपेंद्रनं मग चौकात उभं राहून गावालाही खरं सांगितलं. त्यानं फरक पडला नाही. हल्ली बायको शीलानं हाक मारली तरी तो ओ देत नाही. आधी समोर जाऊन तिचे ओठ हलताना बघतो.

परवा ती दारात उभी राहून जेवायला बोलावत होती. ओठ तिचेच हलत होते.

त्याला ऐकू आलं ते जेवणाचं नव्हतं. काय ऐकलं, हे तो अजून कुणाला सांगत नाही.