कासवकट्ट्याला वाढपी हवेत!

कासवकट्टा रोज छान चालायचा. गरज लागली, की मात्र नेमका बंद पडायचा.

कासवकट्टा म्हणजे एक फोरम (इंटरनेटवरची गप्पांची आणि सल्लामसलतीची जागा). किनाऱ्यावरच्या चार मुलांनी तो सुरू केला आणि बघता बघता हजारो माणसं त्यावर आली. आंबेखोलची ऊर्वी तांडेल तो सांभाळायची. होती सातवीत, पण कट्ट्यावर तिचा दरारा मोठ्यांनाही वाटायचा.

काम तसंच होतं. वाळूतल्या घरट्यातून बाहेर पडलेली कासवाची पिल्लं उजेडाकडे धावतात. पूर्वी अंधार पडल्यावर उजेड समुद्रावरच असायचा. आता रस्त्याला हॉटेलं झाली आणि पिल्लं त्यांच्या दिव्यांकडे निघू लागली. म्हणून कट्ट्यावर ‘पिल्लं निघाली’ असा निरोप पडला, की आसपासचे सभासद घरातल्या जाड चादरी घेऊन पळायचे आणि रस्त्याच्या बाजूला चादरींची भिंत धरून उभे राहायचे.

मागच्या आठवड्यात खारदांड्याच्या किनाऱ्यावर पिल्लं निघाली, पण कट्टा उघडेना. चादरी घरात राहिल्या आणि बरीच पिल्लं रस्त्यावर गाड्यांखाली गेली.

आता पाळी आंबेखोलच्या घरट्याची होती. त्याची राखण करणारे वामनकाका म्हणाले, “ऊर्वी, तुझा कट्टा राहू दे गो. मी आपला घरोघर फिरून माणसं बोलावीन.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं. शिवाय निम्मे चादरवाले शेजारच्या गावांत राहायचे. काका एकटे फिरणार तरी किती?

“पण मी कट्ट्याची जागा दुप्पट करून घेतली होती!” ऊर्वी तिरप्याला सांगत होती. तिरप्या हा किनाऱ्यावर गस्त घालणारा यंत्रमानव. खेकड्यासारखा आडवा चालायचा आणि बोलायचाही तसाच. “सगळे भरमसाट फोटो टाकतात. मला वाटलं, कट्टा भरला असणार.”

“भरला असता, तर रोजच अडला असता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!”

“तिरप्या, सरळ सांग ना.”

“खेकड्याला म्हणे सरळ! बरं, गावदेवीच्या जत्रेतली पंगत आठव. कोठीत भाताची हंडी भरलेली आहे. पाचशे माणसं एकदम पानावर बसली आणि वाढपी एकच. काय होईल?”

“बोंबाबोंब.”

“मग काय करशील? अजून एक हंडी शिजवशील?”

“मी हंडीच वाढवली,” ऊर्वी हळूच म्हणाली.

“तेच तर! तुझा कट्टा एका सर्व्हरवर आहे (माहिती सांभाळून मागेल त्याला ती पाठवणारा संगणक). तो भाड्याने घेण्याला होस्टिंग म्हणतात. फोटो ठेवायची जागा म्हणजे कोठीतली हंडी. आणि मागणी ऐकून उत्तर देण्याची सर्व्हरची ताकद म्हणजे वाढपी. त्यातून तुझं होस्टिंग सामायिक. म्हणजे एकाच मांडवात चार घरची कार्यं आणि सगळ्यांत मिळून वाढपी एक. शेजाऱ्याकडे पाहुणे वाढले, की तुझी पंगत ताटकळते.”

तिरप्याने एक नांगी वर केली. “आणि कट्ट्यावर ती ठळक सूचना कोणाची? ‘कट्टा उघडला नाही, तर उघडेपर्यंत बटण दाबत राहा’?”

“माझीच.”

“वाढप्याला प्रत्येक हाक नवीच वाटते. एकेकजण वीसवीसदा ‘भात, भात’ ओरडला, तर पाचशे हाकांच्या दहा हजार होतात. पिल्लं निघाली, की सगळे एकदम येतात आणि वर तुझी आज्ञा पाळतात!”

ऊर्वी ओशाळली. पण गंमत अशी, की त्याच वेळी तिला हायसंही वाटलं. कट्ट्यावर कोणी करणी केली नव्हती. कारण होतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं.

“मग आपण फक्त आपल्यासाठी दहा वाढपी घेऊ!”

“घे की. पण पिल्लं वर्षातले थोडेच दिवस निघतात. बाकीचं वर्ष दहाजणांना बसवून पोसणार?”

ऊर्वी विचारात पडली. जत्रेत काय करतात? गर्दी उसळली, की जेवून उठलेली माणसं कंबर कसून वाढायला येतात आणि गर्दी ओसरली, की घरी जातात.

“लागतील तेव्हा बोलवायचे!” ती ओरडली.

“शाबास! यालाच क्लाउड होस्टिंग म्हणतात (पुष्कळ सर्व्हर एकत्र जोडून त्यांतले लागतील तेवढेच वापरणं).”

मग दोघं जाहिराती बघायला बसली. एका कंपनीने मोठ्या अक्षरांत ‘अमर्याद’ असं लिहिलं होतं. ऊर्वीने फोन करून विचारलं, “अमर्याद काय? जागा, की एका वेळी येणारी माणसं?” पलीकडचा माणूस चाचरत “जागा” म्हणाला आणि तिने लगेच आभार मानून फोन ठेवला. शेवटी जिथे गर्दी होताच वाढपी आपोआप येत होते, कट्ट्याची रोज एक प्रत वेगळी ठेवली जात होती आणि अडचणीच्या वेळी फोन उचलायला माणूस होता, अशी कंपनी तिने निवडली.

पण तिरप्याचा जाहिरातीवर विश्वास नव्हता. कट्ट्याची प्रत नव्या जागी ठेवल्यावर त्याने सगळ्या किनाऱ्यांवरच्या यंत्रमानवांना एकदम कट्टा उघडायला लावला. कट्टा कोसळला! पाहतात तो काय, ‘जास्तीत जास्त सर्व्हर’ (म्हणजे वाढपीच) या रकान्यात दोनच लिहिले होते. आकडा वाढवला आणि दुसऱ्या खेपेला कट्टा ठाम उभा राहिला. तेव्हा कुठे कट्ट्याच्या नावाची पाटी (नाव टाकल्यावर कोणत्या सर्व्हरकडे जायचं, याची नोंद) नव्या घराकडे वळवली. जुनं घर मात्र नवं रुळेपर्यंत चालूच ठेवलं. आणि ती सूचना खोडून ऊर्वीने लिहिलं, ‘एकदाच दाबा. दम धरा.’

दोनच दिवसांनी, तिन्हीसांजेला, वामनकाका धापा टाकत आले. “घरट्यावरची वाळू खचली गो! निघतायत!”

ऊर्वीने निरोप टाकला. पडद्यावरचं चक्र फिरू लागलं. तिचं बोट पुन्हा दाबायला शिवशिवत होतं. तिने हात पाठीमागे बांधून घेतले.

चक्र थांबलं. ‘निघालो.’ ‘आमच्या पाच चादरी.’ ‘पुलावर आहोत, पोहोचतोच.’ एकामागून एक उत्तरं येत राहिली आणि कट्टा एकदाही अडला नाही. ऊर्वीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

थोड्याच वेळात किनाऱ्यावर चादरींची लांबच लांब भिंत उभी राहिली. एक टोक खुद्द वामनकाकांच्या हातात होतं आणि शेजारी उभी राहून ऊर्वी त्यांना पंगतीची आणि वाढप्यांची गोष्ट सांगत होती. हॉटेलांचे दिवे दिसेनासे झाले आणि इवलीइवली पिल्लं लुटुलुटु समुद्राकडे निघाली. शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून सुटकेचा निःश्वास टाकला.

“मलापण घे गो कट्ट्यावर,” चादरीची घडी घालत काका म्हणाले. “आणि काय गो, त्या जादाच्या वाढप्यांचं आता काय?”

“गर्दी ओसरली, की जातील.”

“तसेच कसे जातील? जेवून जाऊ देत!”

ऊर्वी खो खो हसली. तिरप्या समुद्राकडे बघत होता. “यांतल्या माद्या मोठ्या झाल्या, की अंडी घालायला बहुतेक इकडेच परत येतील. तोवर कट्ट्यावर किती माणसं झालेली असतील, कोण जाणे.”

“होऊ देत की,” ऊर्वी म्हणाली. “आपण वाढपी बोलावू.”