दारावरची पिवळी स्कूटर

“मॅडम, आमचे बाबा खोलीत नाहीत, आणि बाल्कनीचं दार सताड उघडं आहे!”

फोनवरचा माणूस धापा टाकत होता. जहाजाच्या सुरक्षा अधिकारी बाईंनी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला आणि जिना गाठला. लिफ्टची वाट बघत उभं राहणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. उमेदीची वर्षं पोलीस खात्यात काढून त्या इथे आल्या होत्या, पण पायाखालची फरशी हलते ही गोष्ट काही अजून त्यांच्या पचनी पडली नव्हती.

जाहिरातीत निळंशार पाणी असतं आणि आरामखुर्ची असते. एवढ्या अजस्र जहाजावर चढलेला माणूस प्रत्यक्षात सुरुवातीला दोनच कामं करतो. खातो, आणि आपली खोली शोधतो. प्रत्येक मजल्यावर तोच गालिचा, तोच पिवळट उजेड, आणि नजर पोचेल तिथवर तीच ती दारं. दारं लोखंडी असतात, म्हणून सराईत प्रवासी फ्रिजवर लावायचं चुंबक घरून आणतात आणि खुणेसाठी दाराला चिकटवतात.

फोन करणारा मुलगा बोळाच्या तोंडाशीच उभा होता. बाईंना घेऊन तो तरातरा निघाला, आणि बाबांच्या खोलीवरून सरळ पुढे गेला.

“अरे, खोली मागे राहिली,” मागून त्याच्या बहिणीने हाक मारली.

“स्कूटरच दिसत नाहीये ना, ताई!”

“कसली स्कूटर?” बाईंनी विचारलं.

“चुंबक आहे, मॅडम. पिवळ्या स्कूटरचं. बाबांकडे पूर्वी तशी स्कूटर होती, म्हणून ताईने आणलं. बाबांना आकडे बारीक दिसतात, ते स्कूटर बघूनच खोली ओळखतात. आणि तरीही दोनदा दुसऱ्याच दाराशी खटपट करताना सापडले.”

ते बाईंना ठाऊक होतं. दोन्ही तक्रारी त्यांच्याकडेच आल्या होत्या. दुसरी तक्रार करणारी बाई तर भलतीच वैतागली होती. कुणी तरी आमच्या दाराच्या अगदी वरच्या पट्टीला स्कूटर चिकटवून जातं, आणि आम्ही फोन करायला आत जाईपर्यंत ती गायब होते, असं तिचं म्हणणं. तेव्हा सगळ्यांनी पोरांचा वात्रटपणा म्हणून सोडून दिलं होतं.

“बाबाच काढतात आणि भलतीकडे लावतात,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. “मग विसरतात. मी याला वर्षभर सांगतेय, त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, रात्रभर तसेच होते. सकाळी मी गेले म्हणून कळलं. याला मात्र बाबा ठणठणीत दिसतात.”

“आता नको ना तो विषय,” भाऊ कळवळून म्हणाला.

बाई खोलीत शिरल्या. बाल्कनीशी सपाता जोडीने ठेवलेल्या. कपाटातले हँगर रिकामे, कपडे सगळे खुर्चीच्या पाठीवर.

“कपडे टांगत नाहीत का ते?”

“पडल्यापासून दोन्ही हात खांद्याच्या वर जात नाहीत,” ताई म्हणाल्या. “शर्टसुद्धा आम्हीच चढवतो.”

“बाल्कनीचं दार उघडं कुणी टाकलं?”

“मीच उघडलं,” ताई म्हणाल्या. “म्हटलं बाहेर बसले असतील.”

“बूट कुठे आहेत त्यांचे?”

भावाने पलंगाखाली वाकून बघितलं. “नाहीत. नाश्त्याला घालून आले होते. खाऊन एकटेच वर आले, मी जरा...” तो ओशाळला. “मी परत एकदा वाढून घेतलं.”

“आणि ताई, तुम्ही?”

“मी त्यांच्या आधीच वर आले होते. त्यांच्या गोळ्या काढून ठेवायला.”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कॅप्टन होते. “मॅडम, जिन्यांवरचे आणि लिफ्टसमोरचे कॅमेरे तपासले. म्हातारबाबा नाश्त्यानंतर त्या मजल्यावर आले, आणि नंतर तिथून बाहेर पडलेच नाहीत. खोलीत आहेत का?”

“नाहीत, सर.”

“मग मला थांबता येणार नाही. पाण्यात शोधायला मी जहाज वळवतोय.”

पायाखालची फरशी कलली. टेबलावरचा पेला घसरत कडेपर्यंत आला. ताईंनी भिंत धरली आणि त्या मटकन खाली बसल्या. “गेले... माझ्यामुळे गेले.”

बाईंचं डोकं त्या एका शब्दावर अडखळलं. माझ्यामुळे? त्यांनी सपातांकडे बघितलं, मग दाराकडे, मग त्या मिटलेल्या मुठीकडे.

“ताई, बाबा पाण्यात नाहीत,” त्या म्हणाल्या. “ते या खोलीत आलेच नाहीत, मग इथून पडतील कसे? घरात पाऊल टाकल्यावर माणूस आधी बूट काढतो. सपाता इथे आहेत आणि बूट नाहीत. मजलाही त्यांनी सोडलेला नाही. म्हणजे ते याच मजल्यावर, दुसऱ्या एखाद्या खोलीत आहेत.”

“दुसऱ्या खोलीत कशाला जातील?” भावाने विचारलं.

“कारण ते चुकले नाहीत. ते स्कूटर बघूनच शिरले. स्कूटर जागा बदलत होती. दाराच्या वरच्या पट्टीला चुंबक लावायचं तर हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. बाबांचा जात नाही, तेव्हा हे काम त्यांचं नव्हे. तुम्ही आज खाली ताटावर होतात. बाबांच्या आधी वर आलं एकच माणूस.” बाई ताईंसमोर उकिडव्या बसल्या. “ओरडा नंतर करू. आधी सांगा, आज कुठल्या दारावर लावली होती?”

ताईंनी मूठ उघडली. चुंबकाच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या.

“पलीकडच्या बोळातली कोपऱ्यातली खोली. मागच्या बंदराला रिकामी झालेली,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “म्हटलं तक्रार यायला नको. ते दाराशी गोंधळून उभे राहतील, याला ते दिसतील, आणि मग तरी याला पटेल. पण तिथे कुणीच नव्हतं. मी दार वाजवलं, हाका मारल्या. मला वाटलं, हताश होऊन त्यांनी...”

बाई धावत सुटल्या. कोपऱ्यावर सफाईवाला ट्रॉली लोटत होता.

“ही खोली सकाळी उघडी होती?”

“हो मॅडम, नवे प्रवासी येणार म्हणून आवरत होतो. चादरी आणायला गेलो तेव्हा उघडीच ठेवली होती. आल्यावर बघितलं, दार लागलेलं. वाऱ्याने लागलं असेल, चादरी नंतर घालू, म्हणून पुढे गेलो.”

बाईंनी आपलं किल्लीचं कार्ड दाराला लावलं.

बाबा पलंगाच्या काठावर बसले होते, बूट घातलेलेच. बाईंनी पहिल्यांदा कॅप्टनला फोन लावला. “सापडले, सर. सुखरूप आहेत.”

“काका, दार वाजलेलं ऐकलं नाहीत?”

“ऐकलं की. लेकीची हाक ओळखत नाही होय?” बाबा खाली बघत म्हणाले. “पण दार उघडून सांगू काय? दारावर स्कूटर होती. आत आलो तर माझं काहीच नाही. बॅग नाही, चष्म्याचं घर नाही, आमच्या हिचा फोटो नाही. म्हटलं, संपलं, डोकं गेलं आपलं. नीट आठवेपर्यंत बसू, मग उघडू.” दारात आलेल्या मुलीला त्यांनी बघितलं. “तूच बरोबर होतीस बाळा. घराला कुलूप लावू. तू म्हणशील तिथे राहीन मी.”

वर्षभर ताईंना हेच ऐकायचं होतं. त्या पुढे आल्या आणि त्यांनी चुंबक बाबांच्या हातावर ठेवलं.

“तुम्ही काही विसरला नाहीत, बाबा. मी लावत होते. मागच्या दोन्ही वेळेलाही.”

बाबांचा चेहरा आधी उजळला. “म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?” ते हसलेसुद्धा. मग हसू मावळलं. स्कूटर पलंगावर ठेवून ते उठले आणि कुणाचा आधार न घेता बोळात आले. प्रत्येक दारापाशी वाकून, डोळे बारीक करून ते आकडे मोठ्याने वाचत गेले. आपल्या दाराशी आल्यावर कार्ड लावून आत गेले. दार लागलं.

जहाज पुन्हा आपल्या वाटेला लागत होतं. ताईंनी दार हळूच वाजवलं.

“बाबा, मी आहे.”

“ओळखलं,” आतून आवाज आला.

दार मात्र उघडलं नाही.