मधल्या वेळात

मे महिन्याच्या दुपारी सारं नागपूर भट्टीसारखं तापलं होतं, आणि ती मुलगी दारात उभी राहून स्वेटर चढवत होती. कॉम्प्युटरची खोली एसीने गारठलेली असे, आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागत. तिथून केशव मान खाली घालून बाहेर आला आणि तिला धडकताधडकता वाचला.

"अहो, ती चप्पल माझी आहे!"

त्याने खाली पाहिलं. घाबरून त्याने तिच्याच चपलेत पाय घातला होता… अर्धाच मावला होता.

"माफ करा… मले वाटलं—"

"काय वाटलं? पाय लहान झाला?"

ती प्रमोदिनी होती. खाप्याहून आलेली, ऑफिसात तात्पुरत्या नेमणुकीवर. त्या दिवसापासून केशव आपली चप्पल तिच्या चपलेपासून दूर ठेवू लागला. जवळ ठेवायची भीती वाटे.

परीक्षेच्या गुणपत्रिका छापणारा तिचा प्रोग्राम फार हळू चालायचा. शेवटी ऑफिसचे प्रमुख घाटोळे साहेबांनी बजावलं, "बाई, आज संध्याकाळपर्यंत याले पळवा. नाही तर नेमणूक काही वाढणार नाही."

म्हणजे परत खाप्याला. तिथे मामांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं.

केशव लगेच तिच्या मदतीला बसला. प्रोग्रामच्या किती सूचना पार पडल्या ते मोजणारा एक काउंटर मशीनमध्ये होता. ठरावीक मोजणी झाली की तो प्रोग्रामला क्षणभर थांबवी, आणि प्रोग्राम कुठल्या ओळीवर आहे ते केशव टिपून घेई. असं पुन्हा पुन्हा डोकावलं की वेळ कुठे जातो ते कळतं. पण दर वेळी एकच उत्तर येत होतं : छपाई. तिने छपाईचा भाग दोनदा नव्याने लिहिला, तरी वेग तसाच.

"आता काय करायचं?" तिचा आवाज कापत होता. थंडीने… की कशाने?

"मले समजून नाही राहिलं," केशव पुटपुटला. "जेव्हा बघतो तेव्हा छपाईच दिसते."

प्रिंटर थांबला. सवयीने केशवने वर पाहिलं. ती कागदाकडे बघत होती. नेहमीसारखीच. ही आपल्याकडे कधीच बघत नाही, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं.

"बघितलं ना आत्ता?" ती मान न वळवता म्हणाली.

केशवचे कान तापले. "न्… नाही."

"प्रिंटर थांबला की तुम्ही माझ्याकडे बघता. दर वेळी. अन् मी तेव्हा छापलेलं वाचत असते."

"माफ—"

"माफी काहून मागून राहिले? मधल्या वेळात कोण बघते, ते कधी पाहिलं का?"  तिने स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली.

केशवची नजर काउंटरवर गेली. मधल्या वेळात…

"अरे! माझी मोजणी!" तो ओरडला. "एका मुलाची गुणपत्रिका व्हायला जेवढ्या सूचना लागतात, नेमकी तेवढीच! म्हणून दर वेळी छपाईच दिसते, मधलं काहीच नाही!"

"मी काय बोलले अन् तुम्ही काय—"

"थांबा, थांबा!"

त्याने मोजणी बदलली. कधी कमी, कधी जास्त.  या वेळी निराळीच ओळ दिसली… पुन्हा तीच… पुन्हा तीच. शाळेचं नाव शोधणारी. नाव सापडलं तरी प्रोग्राम थांबत नव्हता. यादीच्या शेवटापर्यंत शोधतच राहायचा.

प्रमोदिनीने एक ओळ वाढवली : सापडलं की थांब.

प्रिंटर असा धडधडायला लागला की घाटोळे साहेब दारात येऊन बघून गेले. "राहा बाई," एवढंच म्हणाले.

केशवची भीती मात्र गेली नव्हती. प्रिंटर चालू असतानाच, कधी नव्हे ते, त्याने वर पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मी… म्हणजे तुम्ही… जर…" शब्द सापडेनात.

"नाव सापडलं ना?" ती हळूच म्हणाली.

"प्रमोदिनी," तो म्हणाला. पहिल्यांदाच.

"मग थांबा आता. पुढे काहून शोधून राहिले?"

बाहेर येताना तिला दिसलं, आज घाईत त्याने चप्पल तिच्या चपलेवरच काढून ठेवली होती. तिने ती उचलली नाही. त्याच्या येण्याची वाट बघत, फरशी अजून तापलेली असूनही, ती अनवाणीच उभी राहिली.