कात्रीवाली कसर

साल एकाहत्तर. दादाच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्याची धाकटी बहीण रफू करायची. गिऱ्हाइकं तिला रफूवालीच म्हणत. एका दुपारी रोपवाटिकेतला माळी राखाडी लोकरी स्वेटर घेऊन आला. कोपरावर तीन भोकं.

"कसर लागलीय," ती म्हणाली. "कपाटात काय ठेवता?"

"कपडे."

"ते दिसतंय. कसरीसाठी काय ठेवता?"

"खरं तर वाळलेलं लव्हेंडर ठेवलं की कसर फिरकत नाही. आमच्याकडे ताटवेच्या ताटवे आहेत." तो ओशाळला. "दिव्याखाली अंधार!"

स्वेटर न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात लव्हेंडरची कुंडी होती.

"म्हणजे कसर पळवून माझ्याच पोटावर पाय?" ती म्हणाली, पण कुंडी खिडकीत ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरवड्यात रोपानं मान टाकली.

तो नव्या दोन भोकांसह हजर झाला. मातीत बोट खुपसून म्हणाला, "अहो, हे लव्हेंडर आहे, कमळ नव्हे!" वाळू मिसळून त्यानं रोप पुन्हा लावलं. "ऊन भरपूर. माती कोरडी झाली की मगच पाणी. माया करा, पण जरा लांबून."

"तुम्ही सगळ्यांवर लांबूनच माया करता?"

तो घाईघाईनं निघाला... आणि छत्री विसरून गेला.

रोप सावरलं, फुललं. कळ्या उमलू लागताच तिनं दांडे कापले, जुडी उलटी टांगून वाळवली. पुरचुंड्या लोकरीच्या फडताळात गेल्या, एक आईच्या उशीत. आईला कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. माळ्यालाही एक पुरचुंडी दिली. तरी त्याचा स्वेटर दर महिन्याला येतच राहिला.

मग दादानं स्थळ आणलं. परगावचा कारकून. "रविवारी होकार कळवायचाय. तुझ्या मनात दुसरं काही असेल तर आत्ताच सांग."

काय सांगणार? एका गिऱ्हाइकाच्या स्वेटरला भोकं पडतात?

शुक्रवारी स्वेटर पुन्हा आला. तिनं भिंग लावलं. कसर धागा कुरतडते, कडा झिजवते. इथं तर टोकं कशी सरळ, एका रेषेत! आणि लोकरीला लव्हेंडरचा वास. ती एकटीच हसली.

शनिवारी तिनं स्वेटर तसाच त्याच्यासमोर ठेवला.

"झाला नाही?"

"ही कसर मला नवीन आहे. कात्री घेऊन येते."

त्याचे कान लाल झाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून..."

"तोंडानं बोलता येत नाही?"

"रोपांशी बोलावं लागत नाही हो."

"मी रोप नाही. आणि उद्या दादा दुसरीकडे होकार कळवणार आहे."

त्यानं स्टूल पुढं ओढलं. "मग... आत्ताच दादांशी बोलू?"

"आधी माझ्याशी बोला."

तो बोलला. काय, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त बाहेरून दादा ओरडला, "आटपा लवकर! कान देऊन देऊन माझी इस्त्री थंड झाली!"

त्या कारकुनानं पुढं दुसरीकडे लग्न केलं, आमंत्रणही धाडलं. दादानं आणखी वीस वर्षं लाँड्री चालवली. प्रत्येक लोकरी कपड्यात पुरचुंडी घालूनच परत द्यायचा. आई शेवटपर्यंत त्याच उशीवर झोपली. ते रोप सातव्या वर्षी लाकडासारखं होऊन वाळलं, पण त्याच्या फांदीचं रोप त्या दोघांच्या मुलीच्या गच्चीत आहे.

माळी जाऊन तीन हिवाळे झाले. स्वेटर तिच्या कपाटात आहे. शेवटची भोकं तिनं कधी रफू केलीच नाहीत. पुरचुंडी मात्र दरवर्षी बदलते; त्या भोकांना खरी कसर लागलेली तिला चालणार नाही.