आधी भैरवी

परवा रात्री आमच्या भांडुपच्या चाळीत लाइट गेले. बाळाकाका ओट्यावर बसून बोलायला लागले. ते तबल्यांना शाई लावून देतात, म्हणून वाजवणारे सगळे त्यांच्या ओळखीचे. मी पोरीला मांडीवर घट्ट धरून ऐकलं, तसंच लिहिते.

"मुलुंडचा राजेश, सॅक्सोफोन वाजवतो. मागच्या मार्गशीर्ष अमावस्येला संध्याकाळी तो आपल्या वारलेल्या गायक गुरुजींच्या घरी गेला. त्यांचा विजेवरचा तंबोरा हवा होता, डब्याएवढा असतो तो. वनमालाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, दिला. म्हणाल्या, 'भैरवी शेवटीच घे हं. भैरवी झाली की मैफल उठते.'

पण ह्याला दुसऱ्या दिवशी अंधेरीत भैरवीच जाझमध्ये वाजवायची होती. तीपण सुरुवातीला! 'काकी, जाझमध्ये असलं काही नसतं,' म्हणाला.

रात्री सव्वानऊ. बायको ऋता कामावर. दहा महिन्यांची पोर आत झोपलेली."

"सॅक्सोफोनच्या आवाजात?" शेजारची जान्हवी हसली.

"पोटात असल्यापासून सवय तिला. ह्यानं तंबोरा लावला. भैरवी धरली आणि अर्ध्यातच मोडून जाझच्या ठेक्यात घातली. तासाभरानं थांबला. तंबोरा बंद केला. आवाज चालूच."

"बटण गेलं असेल हो काका," जान्हवी म्हणाली.

"त्यालाही तेच वाटलं. वायर काढली. चालूच. बाईंनी मुद्दाम असला दिला की काय? मग शेजारच्या सिद्धेशवर संशय. मोबाइलवर लावून मजा घेतोय लेकाचा! फोन केला. तो म्हणाला, 'मी गोराईला आहे यार. पण तुझ्या पाठी गातंय कोण?'

राजेशला गाणं ऐकूच येत नव्हतं."

जान्हवी माझ्याजवळ सरकली.

"तंबोऱ्याचा आवाज... आता पोरीच्या खोलीतून येत होता. हा धावला. दार बंद. आतून कडी. दहा महिन्यांची पोर, कडी कशी लावेल? हाका मारल्या. रडणं नाही. काहीच नाही. फक्त तारा... एकेक...

खांदा मारला. दार हलेना.

मग सॅक्सोफोन घेतला. दारासमोर बसला. भैरवी वाजवली. गुरुजींनी शिकवली तशी. पुरी.

तारा थांबल्या.

कडी... पडली."

"पोर?" मी विचारलं.

"बरी होती. जागी. हसत होती. पण उजव्या हाताचं मधलं बोट..." काका थांबले. "जन्मभर तंबोरा छेडणाऱ्यांना तारेचा घट्टा पडतो ना? तसा. काळा, जुना. मी डोळ्यांनी बघितलाय. अजून आहे."