ब्याण्णव ठोक्यांचं कोडं

मनगटी घड्याळावर आकडा होता ब्याण्णव. आजोबांच्या कपाळावरून मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या. अबोलीला कळेना, विश्वास कशावर ठेवायचा.

साल होतं २०५८. समुद्रातले आवाज मोजण्यात हयात घालवलेले शास्त्रज्ञ रामचंद्र शेजवलकर, म्हणजे अबोलीचे आजोबा, तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले होते. आता डॉक्टरांच्या परवानगीने ते रोज पंधरा मिनिटं रोइंग मशीनवर (बसल्या जागी वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर) बसत. शिकवायला व्यायामकेंद्राचा धीरू नावाचा रोबो होता. आईबाबा कामावर गेले की लक्ष ठेवायला अबोली. यंत्राची साखळी खरखरली तरी ती दचकायची.

"नाडी ब्याण्णव. तुमच्या वयाला एकशे दहापर्यंत चालेल," धीरू म्हणाला. "जोर वाढवा."

आजोबांनी पाय रेटले, वल्ह्याची मूठ छातीकडे ओढली. आकडा जेमतेम चौऱ्याण्णववर चढला.

"आजोबा, दमलात का?"

"ना... नाही."

"मग सांगा, देवमाशाची हाक किती लांब ऐकू जाते?"

एरवी या प्रश्नावर आजोबा अर्धा तास बोलले असते. आता "शेकडो..." म्हणाले, आणि पुढचा शब्द धापेत अडकला.

अबोली पुढे झाली. "धीरू, जोर कमी कर. आत्ताच्या आत्ता."

"पण आकडा सुरक्षित आहे."

"त्यांना बोलता येत नाहीये."

धीरूने यंत्राचा जोर उतरवला. "एकदम थांबू नका, हलकेच वल्हवत राहा. पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले तर चक्कर येईल."

तोवर अबोलीने डॉक्टर मुजावरांना पडद्यावर बोलावलं होतं. छातीत दुखतंय का, हातात कळ येतेय का, गरगरतंय का, असं त्यांनी आधी नीट विचारलं. तिन्हींना आजोबांनी मान हलवून नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी मी गोळी बदलली. ती बीटा-ब्लॉकर आहे (हृदयाची धावपळ आवरणारं औषध). आपण व्यायाम करतो तेव्हा अ‍ॅड्रेनलिन (शरीराला कामाला जुंपणारं रसायन) हृदयाला निरोप देतं, भराभर धडधड. ही गोळी तो निरोप पुरता पोचू देत नाही. त्यामुळे माणूस दमतो, पण ठोके फारसे वाढत नाहीत."

"म्हणजे घड्याळ खोटं नव्हतं?"

"आकडा खरा, त्याचा अर्थ चुकला."

"नव्या गोळीची नोंद माझ्याकडे नव्हती," धीरू म्हणाला. "मी वयावरून हिशेब केला."

"गोळी मात्र मनाने बंद करायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज विश्रांती, उद्या सकाळी तपासणी. आणि यापुढे वल्हवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं, की वेग उतरवायचा."

रात्रभर अबोली आजोबांच्या खोलीत डोकावत राहिली. तपासणीत सगळं ठीक निघालं, तेव्हा कुठे तिने पोटभर खाल्लं.

आठवड्याने धीरूने बातमी आणली. व्यायामकेंद्राचे चारशे रोबो आता दर दोन मिनिटांनी पेशंटला बोलतं करणार होते.

"आणि ज्यांना मुळातच बोलता येत नाही, त्यांचं काय?" अबोलीने विचारलं.

आजोबांनी टेबलावरची वही तिच्याकडे सरकवली. "लिही," ते म्हणाले. "उत्तर शोधू आपण तिघं मिळून."