पोस्टमास्तरांची खुर्ची

डायलिसिसच्या खोलीत शिरताना उजव्या हाताला, जमिनीतच बसवलेला वजनकाटा होता. चालता येणारे पेशंट त्यावर उभे राहत, बाकीच्यांना चाकाच्या खुर्चीसकट ढकलत नेत. आलेल्या आकड्यातून खुर्चीचं वजन वजा करायचं, उरलेल्यातून त्या माणसाचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, वजा करायचं. जे शिल्लक राहील तेवढं पाणी मशीननं त्याच्या अंगातून काढायचं. शाळकरी पोराला जमावं असं गणित. बाईंनी दोन वर्षांत ते हजारदा केलं होतं आणि त्यांना त्याचा मनस्वी कंटाळा आला होता.

बाई म्हणजे तिथल्या शिकाऊ डॉक्टर. शिकाऊ आपलं म्हणायला, वय चौतीस. किडनीच्या शिक्षणाची दोन वर्षं संपत आली की पुढे वाटा फुटतात. कुणी अतिदक्षता विभागात जातं, कुणी मानेत नळ्या घालण्यात हात बसवतं, कुणी प्रयोगशाळेत उंदरांच्या मागे लागतं. प्रत्यारोपणाच्या प्रशिक्षणाला मात्र एकच जण घेतात. आणि ज्यांना कुठेच घेत नाहीत ते डायलिसिसच्या खोलीत राहतात, वजाबाक्या करत. बाईंना ती एक जागा हवी होती. नवरा दुसऱ्या गावी, पोर सासूबाईंच्या गळ्यात, आणि हा सगळा उपद्व्याप त्या एका जागेसाठी.

मुलाखत गुरुवारी अकराला होती. पावणेदहाला पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी विभागात सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. त्यांची स्वतःची हलकी खुर्ची होती, चौदा किलोची. विभागातली लोखंडी खुर्ची साडेसतराची. काट्यावर एकाहत्तर आले आणि बाईंनी सवयीनं साडेसतरा वजा केले. साडेत्रेपन्न. कोरडं वजन बावन्न, म्हणजे दीड लिटर काढायचं.

"शाब्बास पोस्टमास्तर! दीडच किलो वाढलं. पथ्य झकास चाललंय."

"दम लागतोय हो मला, बाई." पोस्टमास्तरांनी आकड्याकडे पाहिलं. "वजा किती केलंत? जन्म गेला माझा पार्सलं तोलण्यात."

"आता पोस्ट आम्ही चालवतो," बाई हसत म्हणाल्या, कागदावर सही ठोकली आणि साडी सारखी करत पळाल्या.

मुलाखत छान झाली. मोठ्या सरांनी विचारलं, तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता? बाई म्हणाल्या, बारकाव्यांकडे लक्ष.

संध्याकाळी पोस्टमास्तरांना त्यांच्याच खुर्चीतून परत आणलं. तोंडाला फेस होता, फुप्फुसं पाण्यानं भरली होती. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. बाईंनी सकाळचा कागद काढला आणि खुर्चीच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरातले साडेसतरा वाचले. साडेतीन लिटर पाणी त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या अंगात तसंच ठेवून त्याला घरी धाडलं होतं.

बाहेर बाकावर पोस्टमास्तरांची लेक बसली होती. लग्न न करता बापाचं सगळं करणारी, पन्नाशीकडे झुकलेली.

"दुपारी फार हट्ट केला त्यांनी, डॉक्टर. मी अर्धा ग्लास पाणी दिलं. त्यानं झालं का?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. बाई म्हणाल्या, "पाणी जपून द्या म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

लेकीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. शुक्रवारी निवडीचं पत्र आलं. मोठ्या सरांनी पाठ थोपटली, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि बाई मूग गिळून बसल्या.

खुर्ची विभागातच राहिली होती. शनिवारी सकाळी टेक्निशियननं ती पुसली आणि जागेवर ठेवायला नेताना काट्यावरून ढकलली. "बाई, ही चौदाची ना? साडेसतरा दाखवतेय."

काटा बिघडला असणार. टेक्निशियननं तपासणीची वजनं आणली. वीसचे वीस, चाळीसचे चाळीस. लोखंडी खुर्ची साडेसतरा, तिचं होतं तेवढंच. बाईंनी मग पोस्टमास्तरांची खुर्ची उलटी केली, झटकली, दांड्यांची टोपणं काढून आत टॉर्च मारला. गादी वेगळी तोलली, सहाशे ग्रॅम. उरलेली खुर्ची सोळा किलो नऊशे.

सोमवारी ती चौदा भरली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. मंगळवारी पुन्हा साडेसतरा.

"हिचे वार ठरलेत, बाई," टेक्निशियन दुसऱ्या आठवड्यात म्हणाला. तो चेष्टेखोर माणूस, पण हे सांगताना हसला नाही. "सकाळच्या पाळीपुरतं. दुपारी बघा, चौदा."

"काट्याची दुरुस्ती करून घ्या."

"काट्याला काय झालंय?"

त्या शनिवारी टेक्निशियन आत मशीन धूत असताना त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कुणालाही सांगितली नसती. खुर्चीच्या पाठीच्या कापडाला स्टेथोस्कोप लावला. आधी काही नव्हतं. मग खालच्या बाजूला, डावीकडे, बारीक चुरचुर ऐकू आली. थांबत, पुन्हा सुरू होत, मिनिटाला तीसेक वेळा. पाणी भरलेल्या छातीचा हा आवाज पहिल्याच वर्षी शिकवतात. बाईंनी स्टेथोस्कोप स्पिरिटनं पुसला आणि तो पुन्हा कधी वापरला नाही.

प्रत्यारोपण विभागात रुजू व्हायला दोन आठवडे उरले होते. तेवढे दिवस काढायचे आणि सुटायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी त्या लवकर आल्या. पाळी सुरू झाली नव्हती. खुर्ची काट्यावर उभी होती. तिथं ती कुणी आणली हे विचारायला जवळ कुणी नव्हतं. ब्रेक लावलेले होते.

आकडा एकाहत्तर होता.

बाईंनी काटा बंद करून चालू केला. शून्य, मग हळूहळू वर चढत एकाहत्तर. गादी मधोमध दबलेली होती.

"डॉक्टर, आत येऊ का?"

दारात लेक उभी होती. तीन आठवड्यांत निम्मी झाली होती, डोळे खोल गेले होते. "खुर्ची न्यायला आलेय."

बाईंची पाचावर धारण बसली होती. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, निव्वळ भीती होती, आणि त्या भीतीनंच तोंड उघडलं.

"चूक माझी होती. त्या दिवशी मी खुर्चीचं वजन चुकीचं धरलं. साडेतीन लिटर पाणी त्यांच्या अंगात राहून गेलं. तुमच्या अर्ध्या ग्लासानं काहीही झालेलं नाही."

लेक भिंतीला टेकली. बाई वाट पाहत राहिल्या, शिव्यांची, तक्रारीची, थोबाडीत बसण्याची. ती जागा तर आता गेलीच.

लेक रडली. खूप दिवसांनी सैल झाल्यासारखी रडली, मग पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे पाणी बाधलं नाही त्यांना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता द्यायला हरकत नाही ना? तीन आठवडे झाले, सारखे मागतायत. मी मेली दगडासारखी बसून राहिले, थेंब दिला नाही."

आत मशीन सुरू झाल्याची शिटी वाजली.

"किती देऊ, डॉक्टर?"

"दिवसाला पाऊण लिटर." सवयीनं बाईंच्या तोंडून निघून गेलं.

लेकीनं मान डोलावली. ब्रेक काढले. दोन्ही हातांनी, सगळा भार घालून, तिनं खुर्ची काट्यावरून खाली घेतली. आकडा शून्यावर आला. उंबऱ्यापाशी ती थांबली आणि पुढे वाकली.

"पाय वर घ्या, बाबा."